नवंकोरं इंजिन मुद्दाम मळकं का करतात?

मावशी अमळनेरहून दोन दिवसांसाठी आली होती. सकाळी चहाचा कप हातात घेऊन माझ्या टेबलापाशी उभी राहिली आणि बराच वेळ नुसती बघत बसली. टेबलावर वीतभर लांबीचं वाफेचं इंजिन होतं. आठ महिने खपून जोडलेलं, आदल्या आठवड्यात रंगवलेलं, काजळासारखं काळंभोर. आणि मी एका जुन्या ब्रशनं त्यावर तपकिरी पाणी सोडत होतो. शेवटी तिला राहवलं नाही.

"नवी गाडी काबर मयकी करी रायना रे भाऊ?"

प्रश्न रास्त होता. हल्ली मोबाईलवर अशा छोट्या इंजिनांचे व्हिडिओ फिरतात. गडी आधी तासन्‌तास घासून-पुसून इंजिन चकाचक करतो आणि मग त्यावर गंज, काजळी, राख, ओघळ असं सगळं चढवतो. बघणाऱ्याला वाटतं, याचं डोकं ठिकाणावर आहे ना? या मळवण्याला छंदातली मंडळी 'वेदरिंग' म्हणतात, म्हणजे ऊन, पाऊस, धूर आणि वापर यांनी वस्तूवर पडणाऱ्या खुणा रंगानं दाखवणं. मावशीला मी त्या वेळी काहीतरी थातूरमातूर उत्तर दिलं. नीट उत्तर द्यायचं तर सुरुवात खोक्यापासून करावी लागते.

खोक्यात काय असतं, काय नसतं

किट म्हणजे सुटे भाग आणि ते जोडायची सूचना. सगळ्यात सोपं प्लास्टिकचं. साच्यातून निघालेले भाग एका चौकटीला चिकटलेले असतात. ते कापायचे, कानशीनं साफ करायचे, चिकटवायचे. ब्रिटनची 'दापोल' कंपनी अशी किटं आजही विकते. त्यात 'इव्हनिंग स्टार'चं किट आहे. ब्रिटिश रेल्वेनं बांधलेलं ते शेवटचं वाफेचं इंजिन, १९६० सालचं. आपल्याकडे चित्तरंजनच्या कारखान्यातून १९७० साली बाहेर पडलेल्या शेवटच्या ब्रॉडगेज वाफेच्या इंजिनाचं नाव 'अंतिम सितारा'. दहा वर्षांच्या अंतरानं दोन देशांनी एकाच कल्पनेवर नाव ठेवलं, याची मला दर वेळी गंमत वाटते.

त्याच्या पुढची पायरी पितळी पत्र्याची. खोकं उघडलं की पहिल्यांदा निराशाच होते. इंजिन कुठंय? आत पोस्टकार्डाएवढे दोन-चार पातळ पत्रे, त्यावर नक्षीसारखे कोरलेले आकार, आणि एका पिशवीत राखाडी रंगाचे ओतीव भाग: धुराडं, बॉयलरवरचा घुमट, बफर (टोकाला धक्का झेलणारे गोल दट्टे). चाकं, मोटर आणि गिअर बहुतेक वेळा वेगळे विकत घ्यावे लागतात. हे आधी माहीत नसेल तर खिशाला दुसरा फटका बसतो. मला बसला होता.

एकास शहात्तर म्हणजे किती?

माप म्हणजे मूळ वस्तू किती पटीनं लहान केली तो आकडा. ब्रिटिश मॉडेलांत १:७६ चालतं, बाकी बऱ्याच जगात १:८७. आपल्या ओळखीचं उदाहरण घेऊ. डब्ल्यूपी हे वाफेच्या जमान्यातलं आपलं मेल-एक्सप्रेसचं इंजिन, बंदुकीच्या गोळीसारख्या फुगीर तोंडाचं, त्यावर चांदणी रंगवलेलं. पहिली सोळा इंजिनं १९४७ साली अमेरिकेच्या बाल्डविन कारखान्यातून आली. त्याच्या मोठ्या चाकाचा व्यास १७०२ मिलिमीटर, म्हणजे पाच फूट सात इंच. मध्यम उंचीचा माणूस शेजारी उभा राहिला तर त्याचं डोकं आणि चाकाचा माथा एका रेषेत. एकास शहात्तरमध्ये हे चाक साधारण २२ मिलिमीटरचं होतं, रुपयाच्या नाण्याएवढं.

आता गंमत रुळांची. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. एकास शहात्तरमध्ये रुळांत २२ मिलिमीटर अंतर हवं. बाजारात मिळणारे रूळ १६.५ मिलिमीटरचे, कारण ते परदेशी गाड्यांसाठी बनलेले. त्यावर डब्ल्यूपी ठेवलं तर ते पाय जुळवून उभ्या राहिलेल्या पहिलवानासारखं दिसतं. भारतीय ब्रॉडगेज इंजिनाचं किट सहजासहजी मिळत नाही, त्यात ही अडचण. त्यामुळे इथले बरेच जण परदेशी किटावर हात बसवतात. माझ्या टेबलावरचं इंजिनही इंग्रजीच आहे, सहा चाकांचं साधं मालगाडीचं.

खान्देशाला मात्र एक पळवाट आहे. पाचोरा-जामनेर, म्हणजे आपली 'पीजे', ७६२ मिलिमीटरच्या रुळांवर धावायची. एकास सत्त्याऐंशीमध्ये हे अंतर पावणेनऊ मिलिमीटर होतं आणि ९ मिलिमीटरचे रूळ जगभर मिळतात. डोळ्याला फरक कळतही नाही. म्हणजे भुसावळच्या मेनलाइनपेक्षा पीजे मापात बसवणं सोपं. ५६ किलोमीटरच्या त्या डुलत्या गाडीला लोकांनी आयुष्यभर नावं ठेवली, पण मॉडेलवाल्याच्या हिशेबात ती सगळ्यात शहाणी निघाली.

लाटणं, ठसा आणि कल्हई

पितळी पत्र्यावर आकार कोरतात ते आम्लानं. नकाशा प्रकाशाच्या मदतीनं पत्र्यावर उतरवायचा, जो भाग ठेवायचा त्यावर आम्ल न लागणारा थर, उरलेला भाग फेरिक क्लोराइड खाऊन टाकतं. काही रेघा आरपार न जाता अर्ध्या जाडीपर्यंतच खाल्लेल्या असतात. त्या घडीच्या रेघा. लग्नपत्रिकेच्या जाड कागदाला घडीवर जशी खाच असते तशी. बहुतेक किटांत खाच घडीच्या आतल्या बाजूला ठेवून वाकवायचं असतं. उलट वाकवलं आणि परत सरळ केलं, असं दोनदा झालं की पत्रा तुटतोच.

रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांची गोल डोकी, मागून टोचून उठवायची. पत्र्याच्या पाठीवर त्यांच्या जागी बारीक खड्डे असतात. बोथट टोक ठेवायचं, एकसारखा दाब द्यायचा, समोरून ठिपका उठतो. जळगावच्या सराफ बाजारात ठशाचं काम करणाऱ्या कारागिराला हे सांगायची गरज नाही. मी माझ्या पहिल्या टेंडरची (कोळसा-पाण्याची मागची गाडी) एक बाजू उठवली तेव्हा दीडशेच्या वर ठिपके होते. शंभराव्या ठिपक्याला हात सैल पडला आणि तिथून पुढची रांग नांगरटीच्या सरीसारखी वाकडी गेली. ती अजून तशीच आहे.

बॉयलरसाठी सपाट पत्र्याची नळी करायची. त्यासाठी महागडं यंत्र मिळतं, पण खाली रबराची मऊ चटई, वर पत्रा आणि त्यावरून जाड सळई दाबून फिरवली तरी पत्रा हळूहळू वळतो. घरातलं लाटणं चालतं. घरी विचारून घ्यावं.

मग जोडकाम. इथं बहुतेक नवखे हात टेकतात, कारण त्यांना वाटतं की सोल्डर म्हणजे धातूचा गोंद, वितळवला आणि थापला. कल्हईवाला आठवा. तो भांडं आधी तापवतो, त्यावर नवसागर टाकतो, भस्सकन धूर निघतो, आणि मग कथलाची काडी नुसती टेकवली की ती पाण्यासारखी पसरते. तिन्ही गोष्टी इथं तशाच. पितळ तापलं पाहिजे, नुसतं सोल्डर नव्हे. नवसागराच्या जागी 'फ्लक्स' नावाचं रसायन, जे धातूवरचा काळपट थर खाऊन टाकतं. आणि वितळलेलं सोल्डर उष्णतेकडे धावतं, म्हणून सांध्याच्या आतल्या बाजूनं टेकवायचं आणि बाहेर डोकवायच्या आत थांबायचं.

राखाडी ओतीव भागांचं प्रकरण वेगळं. तो 'व्हाइट मेटल', कथील आणि शिशाच्या घराण्यातला, फार कमी तापमानाला वितळणारा. त्याला ७० अंशांच्या आसपास वितळणारं खास सोल्डर लागतं आणि मंद तापलेलं सोल्डरिंग आयर्न. मी पहिल्या इंजिनाचा घुमट नेहमीच्या तापलेल्या सोल्डरिंग आयर्ननं लावायला गेलो. पापणी लवायच्या आत त्याचं भरताचं वांगं झालं, आधी एका बाजूनं बसला, मग सगळाच खाली. आता मी असे भाग मंद वाळणाऱ्या दोन नळ्यांच्या गोंदानंच चिकटवतो. जाणकार नाक मुरडतात. मुरडू देत. या धातूत शिसं असू शकतं, म्हणून घासताना तोंडाला मास्क, हात धुतल्याशिवाय खाणं नाही, आणि फ्लक्सचा धूर जाईल अशी खिडकी उघडी.

चाकं का अडतात?

इंजिनाचा सांगाडा तयार झाला, चाकं बसवली, मोटर लावली, आणि इंजिन लंगडत चाललं. प्रत्येक फेऱ्यात एकदा अडखळतंय. या दुखण्याचं मूळ दोनशे वर्षं जुन्या एका हुशारीत आहे.

पायमशीन चालवलेलं असेल त्याला हे पटकन कळेल. पायटं नेमकं वर किंवा खाली टोकाला थांबलं की कितीही दाबलं तरी चाक फिरत नाही. हातानं चाकाला जरा ढकलावं लागतं. वाफेच्या इंजिनातही दट्ट्या टोकाला असताना तसंच होतं. आता इंजिन स्टेशनात नेमकं त्या अवस्थेत थांबलं तर ढकलणार कोण? म्हणून डाव्या आणि उजव्या चाकांवर दांडी जिथं जोडतात त्या खुंट्या एकमेकींशी काटकोनात ठेवतात. एक बाजू टोकाला अडली की दुसरी ऐन जोरात असते. इंजिनाची छुकछुकही यातूनच येते: दोन्ही सिलिंडरमध्ये दट्ट्या जाताना-येताना दोनदा वाफ सोडतो, म्हणून चाकाच्या एका फेऱ्यात चार ठोके.

मॉडेलमध्ये मोटर साधारणपणे एकाच धुऱ्याला फिरवते, बाकीची चाकं दांड्यांमुळे ओढली जातात. काटकोन अगदी नव्वदच हवा असं नाही. एकोणनव्वद चालेल, पण मग सगळ्या धुऱ्यांवर एकोणनव्वदच हवा. एका धुऱ्याचा ब्याण्णव झाला की दांडी ताणली जाते आणि इंजिन लंगडतं. मी भुसावळात एका निवृत्त फिटर काकांना हे दाखवलं. त्यांची उमेदीची वर्षं लोको शेडमध्ये गेलेली. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, इंजिन कानाजवळ धरलं, बोटानं चाक फिरवलं आणि म्हणाले, "मधलं बघ." मधलंच होतं.

काळा रंग काळा नसतो

जोडकाम झालं की आंघोळ. फ्लक्स राहिला तर काही महिन्यांनी रंगाखालून हिरवा पुरळ उठतो. भांड्यांचा साबण, कोमट पाणी, जुना दातांचा ब्रश. देवाची भांडी घासतो तितक्याच मनापासून. मग पितळाला चावून बसणारा प्राइमर, कारण गुळगुळीत पितळावर साधा रंग टिकत नाही, नखानं सोलून निघतो.

रंग एअरब्रशनं देतात. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून हवेच्या दाबानं रंगाचं धुकं सोडणारं पेन, असं समजा. इंग्लंडच्या थंड हवेत लिहिलेल्या सूचना खान्देशात कामाला येत नाहीत हे मी दोन उन्हाळे घालवून शिकलो. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना पाण्यात मिसळणारा रंग ब्रशच्या टोकावरच वाळतो, आणि जो सुटतो तो हवेतच कण होऊन बॉयलरवर बसतो. वाळल्यावर हात फिरवला तर पॉलिशपेपर. म्हणून मी शहाणपणानं कूलरसमोर बसलो. कूलरनं रंगाचं धुकं माझ्याच तोंडावर आणलं आणि जाळीतल्या गवताचे बारीक तंतू ओल्या रंगावर नेऊन चिकटवले. इंजिनाला लव फुटली. आता उन्हाळ्यात पहाटे सहाला, कूलर बंद, रंग उशिरा वाळवणाऱ्या द्रावणाचे दोन थेंब. पावसाळ्यात उलट दुखणं: हवेत ओल असली की लॅकरवर पांढुरकी झाक येते. आमच्याकडे रंगकामाचे खरे महिने दिवाळी ते होळी.

रंग कोणता? इंजिन काळं, म्हणजे काळा, असं वाटतं. तसं केलं तर मॉडेल टेबलावर भोक पडल्यासारखं दिसतं, तपशील गायब. फैजपूर-यावलच्या रस्त्यावरून सातपुडा बघा. डोंगरावर झाडं आहेत, माती आहे, पण लांबून सगळं निळसर-राखी दिसतं, कारण मधल्या हवेनं रंग फिका केलेला असतो. वीतभर इंजिन आपण हातभर अंतरावरून बघतो, पण डोळ्याला भासवायचं असतं की शंभर फुटांवरून खरं इंजिन बघतोय. म्हणून काळ्यात थोडा राखाडी, किंचित तपकिरी मिसळून गडद करडा करतात. आकडे आणि अक्षरं पाण्यात भिजवून सरकवायच्या चिकटचित्रांनी लावतात. त्यासाठी खालचा पृष्ठभाग चकचकीत हवा, नाहीतर चित्राखाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतो. आकडे बसले की वरून मंद वार्निश.

इथवर इंजिन सुंदर दिसतं. आणि खोटं दिसतं. खेळण्याच्या दुकानातलं वाटतं. इथून मावशीच्या प्रश्नाचं खरं उत्तर सुरू होतं.

प्रत्येक डागाला गाव असतं

वाफेचं इंजिन म्हणजे चाकावरची चूल. कोळसा जळतो, गरम वायू बॉयलरमधल्या नळ्यांतून पुढे जातात, भोवतीच्या पाण्याची वाफ होते, वाफ दट्ट्या ढकलते आणि काम संपल्यावर धुराड्यातून बाहेर पडते. बाहेर पडताना ती धूर सोबत ओढते आणि मागच्या आगीला वारा घालते. चूल, पाणी, तेल आणि रस्ता, मळ येतो तो या चौघांकडून, आणि प्रत्येकाचा रंग आणि जागा वेगळी.

चुलीचा मळ वर आणि पुढे. धुराड्यामागे बॉयलरच्या पाठीवर आणि ड्रायव्हरच्या केबिनच्या छपरावर काजळी बसते. तिला चमक नसते, तव्याच्या बुडासारखी मऊ. धुराड्याखालचा गोल भाग, स्मोकबॉक्स, बाकी बॉयलरपेक्षा वेगळा दिसतो. बॉयलरला उष्णता टिकवणारं आवरण असतं आणि त्यावर पत्रा, म्हणून तिथला रंग टिकतो. स्मोकबॉक्स उघडा, तिथला रंग भाजून राखाडी-तपकिरी होतो. पऱ्हाटीच्या जाळावर भाजलेल्या वांग्याची साल आठवा: काही ठिकाणी कुळकुळीत, काही ठिकाणी राखेसारखी. स्मोकबॉक्सची राख रोज उपसावी लागायची, त्यामुळे दाराखालच्या फळीवर राखेचा सडा.

पाण्याचा मळ पांढरा. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्यानं माठावर बाहेरून कसे पांढरे चट्टे येतात? माठातून पाणी झिरपतं, उडून जातं, क्षार मागे राहतात. इंजिनातही जिथं पाणी किंवा वाफ गळते तिथं तसाच पांढरा ओघळ. सेफ्टी व्हॉल्व्हच्या आजूबाजूला, बॉयलर धुण्यासाठी ठेवलेल्या बुचांखाली, बॉयलरमध्ये पाणी ढकलणाऱ्या इंजेक्टरपाशी. टेंडरवर पाणी भरताना सांडतं, तिथं मात्र ओघळ जास्त करून धुळीचे: पाण्यानं वरची कोळशाची भुकटी खाली वाहून नेलेली.

तेलाचा मळ दांड्यांवर आणि चाकांच्या मध्यावर. तो काळा, पण ओला चमकणारा. तिथं अजिबात मळकट मॅट रंग द्यायचा नाही. आणि रस्त्याचा मळ खाली सगळीकडे: धूळ, खडीची भुकटी, आणि बिडाच्या ब्रेकची झीज, जिचा रंग गंजासारखा तांबूस. म्हणून इंजिनाचं खालचं अंग काळं कधीच नसतं, तपकिरी असतं. हा एकच बदल केला तरी मॉडेल निम्मं खरं दिसू लागतं.

पाचवा एक आहे, तो मळ घालवणारा. माणसाचा हात. केबिनमध्ये चढायचा दांडा रोज शंभर वेळा धरला जातो, तो घासून उजळतो. इंजिनाचा नंबर वाचता यावा म्हणून कुणीतरी चिंधीनं तेवढीच जागा पुसतं, आजूबाजूचा मळ तसाच. त्या पुसलेल्या चौकोनाला कोपऱ्यात गोलाई हवी, कारण हात चौकोनी फिरत नाही. मी हे पेन्सिलीच्या शिसाची (म्हणजे ग्राफाइटची) पूड आणि कान साफ करायची काडी वापरून करतो, आणि सगळ्यात जास्त वेळ मला त्यातच लागतो.

हातात काय घ्यायचं

तपकिरी पाणी म्हणजे खूप पातळ केलेला रंग. तो खाचांत आणि रिव्हेटांच्या भोवती साचतो. थोडा सुकला की स्वच्छ ब्रश वरून खाली ओढायचा, कारण पाऊस वरून खाली पडतो. आडवा ओढला की संपलं. काजळी आणि राखेसाठी कोरडी पूड. विकत मिळते, पण शाळेच्या मऊ पेस्टल खडूची काडी सँडपेपरवर घासली तरी चालते. टेंडरमध्ये खरा कोळसा. लोहाराकडून मूठभर आणला, कापडात गुंडाळून हातोडीनं फोडला, टाकाऊ चहाच्या गाळणीतून गाळला. पातळ फेव्हिकॉलचे थेंब सोडले की बसतो. रुळांच्या कडेनं वेचत फिरू नका, त्यात जीव जातो.

थरांचा क्रम चुकवू नये. वरच्या थराचं द्रावण खालच्या थराला विरघळवणारं नको. पाण्याच्या रंगावर जोरकस थिनर ओतला तर दोन्ही एकत्र येऊन सायीसारखे गोळा होतात. आणि कोरडी पूड सगळ्यात शेवटी. तिच्यावर वार्निश मारलं तर ती अर्धीअधिक दिसेनाशी होते. नाही मारलं तर बोटाला लागते. दोन्हींतलं एक सोसावं लागतं. मी बोटाला लागू देतो.

"पण आमची इंजिनं चकचकीत असायची!"

हा आक्षेप रेल्वेत हाडं झिजवलेल्या माणसांकडून येतो आणि तो खोटा नाही. क्लीनर नावाचं पदच होतं. मेल ओढणाऱ्या इंजिनाचं पितळ घासलेलं असायचं, तोंडावरची चांदणी नव्यानं रंगवलेली. स्वतःच्या इंजिनाबद्दल ड्रायव्हर-फायरमनला अभिमान असायचा. आणि त्याच शेडच्या मागच्या रुळावर मालगाडीचं एखादं डब्ल्यूजी, बारा वर्षांत अंग न धुतल्यासारखं उभं असायचं. वाफेचे शेवटचे दिवस आले तसा पुसायला माणूस राहिला नाही आणि पैसाही. भारतात ब्रॉडगेजवरची वाफ १९९५ साली थांबली. तेव्हाचे फोटो बघितले तर रंग कुठला ते सांगता येत नाही.

म्हणून मळवायच्या आधी विचारायचं: कुठलं काम करणारं इंजिन, कोणता काळ, कारखान्यातून येऊन किती महिने झालेत? उत्तर 'कालच रंगून आलंय' असं असेल तर मळ जवळजवळ नकोच, फक्त चाकांवर धूळ. नागपूरला मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय आहे, तिथं जाऊन फोटो काढता येतात. पण संग्रहालयातलं इंजिन म्हणजे लग्नात सजवलेला नवरदेव. कामावरचं रूप जुन्या फोटोंतच.

काकांनी माझी जी चूक पकडली ती याच प्रकारची. मी पांढऱ्या ओघळांच्या प्रेमात पडलो होतो. दिसतात छान. म्हणून बॉयलरच्या मधल्या पट्टीवरून दोन लांब ओघळ सोडले. काकांनी इंजिन उजेडाकडे वळवलं.

"हे पाणी कुठून आलं?"

मी म्हटलं, गळतंय.

"कुठून गळतंय? इथं बूच नाही, व्हॉल्व्ह नाही, नळी नाही."

मी म्हटलं, काका, हे इंग्लंडचं इंजिन आहे.

"इंजिन इंग्लंडचं असो नाहीतर चित्तरंजनचं. जिथं भोक नाही तिथून गळत नाही."

ओलसर काडीनं मी दोन्ही ओघळ पुसले. तासभर गेला. नंतर खाली बुचापाशी एकच सोडला, नखाएवढा. तेव्हा काका फक्त "हां" म्हणाले.

"तयार मिळतं की! आणि हे चोचले परवडतात कुणाला?"

तयार मिळतं, उत्तम मिळतं, आणि आजच्या कारखान्यातलं काम माझ्या हातापेक्षा सरस असतं. नुसतं इंजिन धावताना बघायचं असेल तर तयारच घ्या. तयार इंजिनाला मळवताही येतं. चूक झाली तर जीव थोडा जास्त जळतो इतकंच.

पैशाचं म्हणाल तर परदेशी पितळी किट, वर टपालखर्च आणि कस्टम ड्युटी, हे महागच. त्याबद्दल गोड बोलण्यात अर्थ नाही. पण शिकण्यासाठी ते लागत नाही. प्लास्टिकचं न धावणारं किट घ्या. तेही नको असेल तर मुलाचा मोडका खेळण्यातला डबा घ्या, त्यावर पातळ तपकिरी ओढा, खडूची काजळी बसवा. खरा खर्च वेळेचा आहे. मोबाईल बाजूला ठेवून रात्री नऊ ते अकरा बसणं ज्याला जमतं त्याला हे परवडतं.

मावशी जायच्या दिवशी पुन्हा टेबलापाशी आली. आता इंजिन पुरं झालं होतं. मी तिला सांगितलं: ही चुलीची काजळी, हा पाण्याचा क्षार, हे तेल, ही ड्रायव्हरच्या हातानं उजळलेली कडी. तिनं मान डोलावली, तोंडानं काही बोलली नाही, आणि मी "हात नको" म्हणायच्या आत बॉयलरच्या पाठीवर बोट टेकवून बघितलं. बोट काळं झालं. ते तिनं पदराला पुसलं आणि समाधानानं म्हणाली, "हां, खरी से."

बॉयलरवर तिच्या बोटाचा ठसा उमटला होता, रेषा न रेषा मोजता येईल असा. दोन सेंटिमीटर गुणिले शहात्तर, म्हणजे दीड मीटर. एवढ्या मोठ्या बोटाचा क्लीनर कुठल्याच शेडमध्ये नव्हता. एसटी सुटल्यावर घरी आलो आणि खडू घासायला घेतला.